ओठ जपानी, आवाज इंग्रजी; भूमिका कुणाची?

२०२५च्या अखेरीस ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर ‘बनाना फिश’ या २०१८च्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, मालिकेला इंग्रजी ध्वनिपट जोडला गेला. त्यातले आवाज माणसांचे नव्हते, संगणकानं तयार केलेले होते. न्यूयॉर्कमधल्या एका टोळीचा कोवळा म्होरक्या ॲश लिंक्स हा या मालिकेचा नायक. लहानपणापासून शोषण सोसलेल्या या मुलाच्या डोळ्यांदेखत जवळचं माणूस मरतं तेव्हा त्याच्या आवाजाचं काय व्हायला हवं, हे मालिका पाहिलेल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. यंत्राच्या आवाजात त्यातलं काहीच नव्हतं. प्रेक्षक चिडले, आवाजाचं काम करणारे नट चिडले, आणि तो ध्वनिपट काढून घ्यावा लागला. त्यानंतर जो वाद रंगला तो मात्र भलत्याच वाटेनं गेला. एक पक्ष म्हणाला, डब बघतंच कोण? मूळ जपानी लावा, खाली सबटायटल्स वाचा, प्रश्न मिटला. दुसरा म्हणाला, वाचत बसणं आमच्यानं होत नाही; इंग्रजी हवं, मग ते कुणीही बोलो.

दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत आहे आणि घोळ तिथंच आहे. डबिंगमधला आवाज म्हणजे मुळाच्या जागी ठेवलेली कामचलाऊ वस्तू, असं दोघंही धरून चालतात. मला हे मान्य नाही. ॲनिमे मालिकेत नायकाला इंग्रजी आवाज देणं ही पूर्ण भूमिका आहे, अभिनयातल्या फार कडक शिस्तीची भूमिका आहे. ‘मूळ नटासारखा वाटतो का’ हे तिचं माप होऊच शकत नाही. आणि जे रसिक शुद्धतेच्या आग्रहापोटी ‘डब म्हणजे नुसती ओठांशी जुळवाजुळव’ असं म्हणतात, ते नकळत यंत्राचीच वकिली करतात. काम फक्त ओठ जुळवण्याचं असेल, तर यंत्र ते उद्या माणसापेक्षा चोख करील. मग ध्वनिमुद्रणाच्या बूथमध्ये माणूस कशाला हवा? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी ते काम असतं काय, हे नीट पाहावं लागेल.

सुरुवात कागदावर होते. जपानी संहितेचं आधी टिपांसह शब्दशः भाषांतर होतं. मग रूपांतरकार दृश्य समोर ठेवून प्रत्येक वाक्य पात्राच्या तोंडाच्या हालचालीत बसवतो. इथं पहिला अडथळा येतो तो दोन भाषांच्या चालीचा. जपानी बोलण्यात सेकंदाला सरासरी पावणेआठ अक्षरं जातात, इंग्रजीत सहाच्या थोडी वर. पण इंग्रजीचं एकेक अक्षर जास्त अर्थ वाहून नेतं. त्यामुळे अर्थ संपतो आणि तोंड हलतच राहतं. ‘आरिगातो गोझाइमासु’ हे साधे आभार घ्या. जपानी मोजणीनं त्यात दहा मात्रा आहेत. ‘थँक यू’मध्ये अक्षरं दोन. उरलेल्या आठांचं काय करायचं? काहीतरी घालावं लागतं, आणि जे घालाल ते त्या पात्राच्या स्वभावातून आलं नाही तर प्रेक्षकाच्या कानाला खडा लागतो. ‘नारुतो’मध्ये नायकाच्या वाक्याला शेवटी ‘दात्तेबायो’ असं शेपूट असतं. त्याला धड अर्थ नाही, ती त्या मुलाची बोलण्याची लकब आहे. इंग्रजीत सुरुवातीला तिच्या जागी ‘बिलीव्ह इट’ बसवलं गेलं. तोंडाची हालचाल भरली, पण जपानीत वाऱ्यावर उडून जाणारं ते शेपूट इंग्रजीत अर्थ घेऊन बसलं, आणि प्रत्येक दोन-चार वाक्यांनंतर ‘विश्वास ठेवा’ असा आग्रह ऐकू येऊ लागला. पुढे ते शब्द इंग्रजीतून जवळजवळ काढूनच टाकले. ती चूक नायकाला आवाज देणाऱ्या मायली फ्लॅनगन यांची नव्हती. नटाच्या हातात कागद येतो तेव्हा अर्धा निर्णय आधीच झालेला असतो, आणि टीका करताना हे कुणी लक्षात घेत नाही.

दुसरी गोष्ट चित्राची. टीव्हीसाठी काढलेल्या ॲनिमेत तोंडाची साधारण तीनच चित्रं फिरवली जातात: मिटलेलं, अर्धवट उघडं आणि पूर्ण उघडं. सेकंदाला २४ चौकटी, आणि एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकतं. एक चौकट म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. म्हणजे ओठ सेकंदात आठ ते बारा वेळाच बदलू शकतात आणि त्यांना ‘अ’ आणि ‘ओ’ यांतला फरक बहुतेक वेळा ठाऊकच नसतो. हे डबिंगच्या पथ्यावर पडतं. प्रत्येक उच्चार जुळवण्याची गरज नसते. वाक्य कुठे सुरू झालं, मध्ये कुठे थांबलं, कुठे संपलं हे तीन बिंदू पाळावे लागतात, आणि चेहरा जवळून दिसत असेल तर प, ब, म हे ओठ मिटणारे वर्ण मिटलेल्या तोंडावर पडावे लागतात. दोन-तीन चौकटींची चूक ध्वनिमुद्रक नंतर सरकवून दुरुस्त करतो. वाक्य किंचित ताणता किंवा आवळताही येतं, पण थोडंच. जास्त ताणलं की आवाजाला पत्र्याचा नाद येतो आणि त्यातला श्वास खोटा वाटू लागतो. ज्याला लोक डबिंगचं सारसर्वस्व समजतात ती ओठजुळणी ही अशी, बरीचशी यंत्राच्या हातची बाब आहे.

खरी परीक्षा बूथमध्ये होते. अमेरिकी पद्धतीत नट एकटा असतो. समोर पडदा, बाजूला संहिता, कानावर हेडफोन, माइक वीतभर अंतरावर. जपानी वाक्य एकदा ऐकवलं जातं. मग ठरावीक अंतरानं तीन बीप वाजतात. चौथा वाजतच नाही. त्या न वाजलेल्या चौथ्यावर तोंड उघडायचं. तबल्याच्या साथीला बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल, ते समेवर येणं आहे. फरक इतकाच की इथं आवर्तन दर वाक्याला बदलतं, आणि समेवर येताना रागही हवा, रडूही हवं, समोरचं पात्र काय बोललं याची जाणीवही हवी, जरी ते समोरचं पात्र साकारणारा नट पुढच्या आठवड्यात येणार असला तरी. फ्रान्समध्ये पडद्याखाली सरकणारी शब्दपट्टी वाचत बोलतात. तिथं शब्द त्या खुणेवर पोचला की तो म्हणायचा. अमेरिकी नटाला हा आधार नाही. त्याला वाक्य जवळजवळ पाठ करून, डोळे पडद्यावर ठेवून, दोन-तीन टेकमध्ये ते खरं करावं लागतं. पटकन नवं वाक्य येतं. मग आणखी एक. नायकाचं काम म्हणजे प्रत्येक भागात हे सर्वांत जास्त वेळा करणं, आणि संवादाखेरीज धापा, कण्हणं, दचकणं, पडणं, धावतानाचे श्वास हे सगळं वेगळं देणं.

नायकाच्या भूमिकेत आणखी एक संकट असतं, ते गळ्याचं. लढाईच्या मालिकेत नायक ओरडतो. किंकाळ्या आणि आरोळ्या सत्राच्या शेवटी ठेवतात, कारण स्वरतंतूंना एकदा सूज आली की त्यानंतरची हळुवार वाक्यं घोगरी येतात आणि मागच्या आठवड्याच्या आवाजाशी जुळत नाहीत. ओरडताना नट माइकपासून एक पाऊल मागे जातो, ध्वनिमुद्रक पातळी उतरवतो, नाहीतर आवाज फाटतो. जोर पोटातून आला पाहिजे; घसा आवळून काढलेली आरोळी पहिल्यांदा जबर वाटते, तिसऱ्या वेळेला तिच्यात फक्त खरखर उरते. याहून फसवी चूक मालिकेच्या पहिल्या दिवशी होते. उत्साहात नट नायकाला अशी पट्टी देतो, जी दहा मिनिटं छान निभते, पण २६ भाग निभत नाही. मग सहाव्या-सातव्या भागापासून आवाज हळूहळू नटाच्या स्वतःच्या सोयीच्या पट्टीकडे सरकतो आणि बाराव्या भागात नायक दुसराच कुणी वाटतो. म्हणून जाणता दिग्दर्शक प्रत्येक सत्राच्या आधी पहिल्या भागातला तुकडा ऐकवतो. हे सगळं सांभाळून तो मुलगा जिवंत वाटला पाहिजे. याला नक्कल म्हणायचं?

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. जपानी दिग्दर्शकानं एक विशिष्ट आवाज निवडला, त्याच्याशी बोलून भूमिका घडवली. तो आवाज कृतीचाच भाग आहे, आणि तो काढून दुसरा बसवणं म्हणजे चित्रातला एक रंग पुसून दुसरा लावणं. हा मुद्दा खरा आहे. मलाही पहिल्यांदा एखादी मालिका जपानीत ऐकावीशी वाटते, याचं कारण हेच. पण यातून ‘मूळ आवाज चित्राबरोबर जन्मला, इंग्रजी नंतर चिकटवला’ असा निष्कर्ष काढतात, तो चुकीचा आहे. जपानी नटही बहुतेक वेळा चित्र पाहूनच आवाज देतात. तिथं त्या पद्धतीला नावच ‘आफुरेको’ आहे, म्हणजे नंतरचं मुद्रण. वेळापत्रक इतकं घाईचं असतं की पुष्कळदा समोर पूर्ण चित्रही नसतं. कच्च्या रेषा असतात, आणि कुणाचं वाक्य कधी सुरू होतं नि कधी संपतं हे दाखवणारी नावाची खूण पडद्यावर उमटते. आधी आवाज मुद्रित करून त्यावर तोंडं रेखाटलेला १९८८चा ‘अकिरा’ म्हणूनच वेगळा ठरला. म्हणजे दोन्ही भाषांतले नट चित्राच्या मागून धावतात. इंग्रजी नटाला पूर्ण रंगवलेला चेहरा दिसतो हा त्याचा फायदा, आणि तो चेहरा दुसऱ्याच्या अभिनयाशी आधीच बांधला गेला आहे हा तोटा.

आणि ‘मूळ’ म्हणजे तरी काय, हेही विचारायला हवं. ज्या ‘बनाना फिश’वरून हा वाद पेटला, त्यात ॲश हा न्यूयॉर्कचा अमेरिकी मुलगा आहे. कथेत तो इंग्रजी बोलतो. जपानहून आलेला एइजी त्याच्याशी अडखळत्या इंग्रजीत बोलतो. जपानी ध्वनिपटात मात्र दोघंही जपानी बोलतात, आणि प्रेक्षक ते विनातक्रार स्वीकारतो. कथेच्या आतून पाहिलं तर इथं जपानी ध्वनिपटच भाषांतर आहे! या मालिकेला चांगल्या नटांचा इंग्रजी ध्वनिपट मिळाला असता तर एइजीचं अडखळणं पहिल्यांदा प्रत्यक्ष कानांवर पडलं असतं. ती संधी यंत्राला देऊन वाया घालवली, याचं मला खरं दुःख आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो मराठी माणसाला चटकन पटेल असा आहे. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी, अगदी मराठीसारखा. ‘मी तुला एकटं सोडून जाणार…’ इथपर्यंत वाक्य कुठेही वळू शकतं. ‘नाही’ येईपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला असतो. चित्रकारानं डोळ्यांतला बदल त्या शेवटच्या शब्दावर काढलेला असतो. इंग्रजीत नकार दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच फुटून जातो आणि चेहरा बदलतो तेव्हा तोंडात एखादं बिनमहत्त्वाचं नाम उरतं. तीच गत ‘मी’ची. २०१६च्या ‘युअर नेम’मध्ये मुलाच्या शरीरात शिरलेली मुलगी त्याच्या मित्रांसमोर स्वतःला काय म्हणावं ते चाचपडते: वाताशी, वाताकुशी, बोकु, ओरे. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘आय’. मराठीत हा प्रसंग किती सहज उभा राहील: ‘मी आले… आलो.’ इंग्रजीला ते जमत नाही. इथं इंग्रजी ध्वनिपट हरतो हे मी मान्य करतो. पण सबटायटल जिंकतं का? त्याच्याकडेही तोच एक ‘आय’ आहे. शिवाय त्याला जागेची मर्यादा आहे. नेटफ्लिक्सच्या नियमांनुसार एका ओळीत ४२ चिन्हं आणि ओळी जास्तीत जास्त दोन. तिथंही कापाकापी होते, तिथंही कुणीतरी निवड करतं. १९९५च्या ‘निऑन जेनेसिस इव्हेंजेलियन’मध्ये काओरू नायक शिंजीला म्हणतो त्या वाक्यात ‘सुकी’ हा शब्द आहे. ‘तू मला आवडतोस’मधल्या ‘आवडतोस’सारखा तो आवड आणि प्रेम यांच्या सीमेवर उभा असतो. जुन्या इंग्रजी आवृत्तीत तो ‘लव्ह’ झाला. २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर तो ‘लाइक’ झाला, आणि चाहत्यांत मोठा गदारोळ उठला. हा बदल ध्वनिपटातही होता आणि सबटायटल्समध्येही. जो प्रेक्षक ‘मी मूळच पाहतो’ असं म्हणतो, तोही भाषांतरकाराचंच वाक्य वाचत असतो. फक्त कानात जपानी चालू असल्यामुळे त्याला ते जाणवत नाही. आणि रूपांतरकार कसलेला असेल तर तो इंग्रजी वाक्य असं फिरवतो की ‘एकटं’ हा वजनदार शब्द शेवटी यावा, डोळे बदलतात त्याच क्षणी. सबटायटलला हे शक्य नाही. ते वाक्य एका झटक्यात पूर्ण दिसतं आणि आपण शेवट आधीच वाचून बसतो.

जपानी न कळणारा प्रेक्षक जपानी अभिनयाची पारख कशी करतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आवाजाचा पोत, चढउतार, हुंदका हे भाषा न कळताही पोचतात. कानडी पद न समजता आपण डोलतोच. पण शब्दावरचा चुकीचा आघात, पुस्तकी उच्चार, अतिअभिनय हे फक्त कळणाऱ्या भाषेत टोचतात. इंग्रजी कळत असल्यामुळे डबमधली प्रत्येक खोट सापडते आणि जपानीतली निसटते. मग तुलना होते ती एका उघड्या आणि एका झाकलेल्या वस्तूची. इंग्रजी डबवर ‘कृत्रिम वाटतो’ असा शेरा मारताना निदान एवढं तरी तपासावं.

तिसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तिथं बचाव करण्याजोगं फारसं नाही. १९८५मध्ये तीन वेगवेगळ्या जपानी मालिका एकत्र शिवून ‘रोबोटेक’ नावाची ८५ भागांची एकच अमेरिकी मालिका बनवली गेली. २००४मध्ये फोरकिड्स या अमेरिकी कंपनीनं आणलेल्या ‘वन पीस’ मालिकेत सांजी या पात्राची सिगारेट जाऊन तिथं लॉलीपॉप आला आणि कथेचे मोठे तुकडे गळाले. ज्यांनी हे पाहिलं त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण हे पाप संकलनाच्या टेबलावर झालं, बूथमध्ये नव्हे. याचा पुरावाही आहे. शॉन शेमेल १९९९पासून ‘ड्रॅगन बॉल झी’त नायक गोकूला आवाज देत आहेत. त्या वेळच्या इंग्रजी संहितेत गोकूच्या तोंडी मुळात नसलेली, न्यायाच्या रक्षकाची भाषणं घातली होती. पुढे ‘ड्रॅगन बॉल झी काई’ या नव्यानं संकलित आवृत्तीचा इंग्रजी ध्वनिपट २०१०मध्ये आला. तोच नट, तेच पात्र, तेच प्रसंग, पण संहिता मुळाच्या बरीच जवळची, आणि गोकू पुन्हा तो साधा, लढायला आसुसलेला खेडवळ माणूस झाला. एकाच गळ्यातून दोन गोकू निघाले. फरक कागदाचा होता.

हाच गोकू ‘मुळासारखा वाटतो का’ या मापाचा निकालही लावतो. जपानीत १९८६पासून त्याला आवाज देणाऱ्या मासाको नोझावा यांचा जन्म १९३६चा. गोकू मोठा झाला, बाप झाला, आजोबा झाला, तरी तो उंच, पोरसवदा बाईचा आवाज तसाच राहिला, आणि जपानी प्रेक्षकाला त्यात काही खटकत नाही. ती तिथली रीत आहे. पुरुषांनी साकारलेल्या स्त्रिया पाहायला गर्दी करणाऱ्या मराठी प्रेक्षकांना, बालगंधर्वांची भामिनी हीच खरी भामिनी वाटणाऱ्या पिढ्यांना, रीत म्हणजे काय हे सांगायला नको. आता शेमेल यांनी नोझावांच्या पट्टीत बोलायचं ठरवलं असतं तर? ते हास्यास्पद झालं असतं. त्यांनी गोकूचा निरागसपणा घेतला आणि तो प्रौढ पुरुषाच्या गळ्यात शोधला. गणपतराव जोशींचा हॅम्लेट पाहून लंडनच्या नटाशी त्याचा आवाज जुळतो का, असं कुणी विचारलं नाही. मराठी बोलणारा तो राजपुत्र मराठी रंगमंचावर उभा राहतो का, एवढंच पाहिलं. गणपतरावांना कुणाच्या ओठांशी जुळवायचं नव्हतं हे खरं. पण म्हणून माप बदलत नाही, काम फक्त अवघड होतं.

परक्या ओठांवर आपला आवाज ही गोष्ट तर आपल्याला मुळीच नवी नाही. १९४९च्या ‘महल’मध्ये मधुबालेच्या ओठांवर लता मंगेशकरांचा आवाज होता आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पात्राचं नाव. ‘काउबॉय बीबॉप’च्या इंग्रजी आवृत्तीत नायक स्पाइक स्पीगलचा आवाज देणाऱ्या स्टीव्ह ब्लूम यांचं नाव श्रेयनामावलीत ‘डेव्हिड लुकास’ असं आहे. त्या काळी युनियनच्या नियमांमुळे अनेक नट टोपणनावानं हे काम करत. २००१मध्ये अमेरिकी टीव्हीवर आलेल्या त्या २६ भागांनी असंख्य प्रौढ प्रेक्षकांना ॲनिमेची गोडी लावली. मेरी एलिझाबेथ मॅकग्लिन यांच्या दिग्दर्शनाखाली ब्लूमनी स्पाइकला जो थकलेला, निवांत, वाक्याचा शेवट हवेत सोडून देणारा आवाज दिला, तो कोइची यामादेरा यांच्या जपानी स्पाइकची छाया नाही. दोन्ही स्पाइक शेजारी शेजारी ऐकावेत इतके ते स्वतंत्र आहेत. आपल्याकडे १९८९च्या जपानी ‘जंगल बुक’चा हिंदी अवतार दूरदर्शनवर लागला तेव्हा शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. ज्यांचं बालपण त्या गुरगुरण्यानं भारलं गेलं, त्यांना कुणी सांगावं की तुम्ही खरा शेरखान ऐकलाच नाही?

एक आक्षेप मात्र मला खोडायचा नाही, उचलून धरायचा आहे. जपानी नट बहुधा एकत्र मुद्रण करतात. तीन-चार माइकांसमोर हातात संहिता धरून, पान उलटल्याचा आवाज होऊ न देता, एकमेकांच्या वाक्यांवर वाक्य देत. २०२०च्या साथीनंतर तिथंही छोटे गट करावे लागले, तरी देवाणघेवाण टिकली. अमेरिकेत नट एकेकटा येतो. जो आधी मुद्रण करतो त्याला समोरच्याचं इंग्रजी वाक्य ऐकायलाच मिळत नाही. तो अंदाजानं उत्तर देतो आणि भांडणाच्या प्रसंगात एकाची पट्टी चढलेली नि दुसऱ्याची उतरलेली राहते. त्यात आता घाईची भर. जपानमध्ये भाग लागल्यावर साधारण दोन आठवड्यांत इंग्रजी आवृत्ती हवी, म्हणजे नायकाला शेवट माहीत नसताना सुरुवात बोलावी लागते. त्यानं तिसऱ्या भागात सहज उच्चारलेलं वाक्य अकराव्या भागात विश्वासघात ठरतं. ‘डब कच्चा वाटतो’ म्हणणाऱ्यांचे कान इथं बरोबर असतात. पण दोष नटाच्या कुवतीत शोधण्याऐवजी तासांत शोधा. महत्त्वाचे दोन पात्रांचे प्रसंग तरी दोघांना समोरासमोर उभं करून का मुद्रित होत नाहीत? नायकाच्या नटाला निदान कथेचा आराखडा आधी का दिला जात नाही? किंकाळ्यांचं सत्र वेगळं ठेवायला किती पैसे जास्त लागतात? चाहत्यांनी हे प्रश्न लावून धरले असते तर ‘सबटायटल्स की डब’ या वादात गेलेली वर्षं कारणी लागली असती.

यावर उत्तर येतं की सबटायटल्स स्वस्त आहेत, लवकर होतात, आणि पैसा मर्यादित आहे. पण डब हा वाचता येणाऱ्यांसाठीचा चैनीचा प्रकार नाही. सहा वर्षांचं मूल, अंध प्रेक्षक, अक्षरं भरभर न वाचता येणारा माणूस यांना मालिका मिळते ती आवाजातूनच. १९६३मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ अमेरिकी टीव्हीवर आला तेव्हा बिली लू वॉट या नटीनं त्या यंत्रमुलाला इंग्रजी दिलं नसतं, तर ज्या मुलांसाठी ओसामु तेझुकांनी तो घडवला त्या वयाची अमेरिकी मुलं त्याच्यापर्यंत पोचलीच नसती. आणि पैशाचा प्रश्न निघालाच आहे, तर तो कुणाच्या वाट्याला येत नाही हेही पाहू.

‘मॉब सायको १००’ या मालिकेत शिगेओ कागेयामा, म्हणजे मॉब, हा अबोल, दबलेल्या भावनांचा शाळकरी मुलगा नायक आहे. आवाजाच्या दृष्टीनं अशी भूमिका आरोळ्यांपेक्षा कठीण, कारण जवळजवळ एकाच सुरात बोलत राहून आतली खळबळ कळू द्यायची असते, आणि ती फुटते तेव्हा तो सूर एका क्षणात मोडायचा असतो. दोन हंगाम काइल मॅककार्ली यांनी ते केलं. २०२२मध्ये तिसऱ्या हंगामाआधी त्यांनी जाहीर केलं की आपण बहुधा परतणार नाही. मालिकेचा इंग्रजी डब करणाऱ्या क्रंचीरोल या ॲनिमे दाखवणाऱ्या कंपनीनं नटांच्या सॅग-आफ्ट्रा या युनियनशी पुढच्या कामांच्या संभाव्य कराराबद्दल निदान एक बैठक घ्यावी, तेवढं केलं तर हा हंगाम आपण युनियनच्या कराराबाहेर राहूनही करू, असा त्यांचा प्रस्ताव होता. कंपनीनं तो मानला नाही, असं त्यांनी सांगितलं. कंपनीचं म्हणणं होतं की निर्मिती डॅलसच्या स्टुडिओत होणार आहे आणि त्यासाठी काही भूमिकांचे नट बदलावे लागू शकतात. तिसऱ्या हंगामात मॉब दुसऱ्या नटाच्या आवाजात बोलला.